आधी नोंद, मग हाक

नेटवर्क कार्डावर पॅकेट येतं. प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्याच कशात गुंतलेला असतो, म्हणून कार्ड त्याला इंटरप्ट पाठवतं. प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे थांबवतो, कुठे थांबलो ते लिहून ठेवतो, कर्नलमधला नेमून दिलेला कोड चालवतो आणि मूळ कामावर परततो. संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एवढं शिकवलं जातं आणि ते खरंही आहे. पण या वर्णनात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: ज्याला कळवायचं, तो जागेवर आहे. मदरबोर्डावर बसवलेला प्रोसेसर जाणार तरी कुठे? वीज आहे तोवर तो आहेच.

व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर मात्र पुष्कळदा जागेवर नसतो. लिनक्समध्ये केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर (हायपरवायझर) वापरून एखादं मशीन चालवलं, तर त्यातला प्रत्येक प्रोसेसर म्हणजे होस्टच्या, खऱ्या यंत्रावरच्या कर्नलच्या दृष्टीने एक थ्रेड. इतर थ्रेडांसारखाच तोही रांगेत उभा राहतो. पाळी आली की खऱ्या प्रोसेसरवर थोडा वेळ चालतो, पाळी संपली की बाजूला होतो, आणि पुढच्या खेपेला कदाचित वेगळ्याच प्रोसेसरवर चढतो. आत चालणाऱ्या सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, यातलं काही कळत नाही. कळू नये अशीच सगळी व्यवस्था असते. आता त्याच्यासाठीचं पॅकेट नेमकं तो बाजूला झालेला असताना आलं, तर इंटरप्ट द्यायचा कुणाला? त्या खऱ्या प्रोसेसरवर त्या क्षणी दुसऱ्याच कुणाचं मशीन चालू असेल. त्याला थांबवून काही साधत नाही, आणि एकाची बातमी दुसऱ्याच्या हाती पडणं धोक्याचंच.

या अडचणीच्या मागे चिकाटीने गेलं की इंटरप्टचं खरं स्वरूप उलगडतं. आपण ज्याला इंटरप्ट म्हणतो त्या मुळात दोन गोष्टी आहेत. एक, काहीतरी घडलं याची नोंद. दुसरी, त्या नोंदीकडे लक्ष वेधणारी हाक. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणं वेगळं आणि आतून नाव पुकारलं जाणं वेगळं. नाव पुकारलं तेव्हा माणूस बाहेर गेलेला असेल तर पुकारणं वाया जातं. केसपेपर वाया जात नाही. खऱ्या यंत्रात नोंद आणि हाक यांच्यातलं अंतर इतकं थोडं असतं की दोन्ही एकच वाटतात. व्हर्च्युअल मशीनने ते अंतर ताणलं. ते ताणल्यावर जे काही बिघडत गेलं, ते या दोन गोष्टींना एकच समजल्यामुळे. आणि जे सुधारलं, ते त्यांना वेगळं ओळखल्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या गोष्टीची सुरुवात जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात एक्स-१ नावाचा संगणक आकाराला येत होता. त्यात इंटरप्टची सोय असावी असं लूपस्ट्रा आणि शोल्टेन या रचनाकारांनी सुचवलं, तेव्हा त्या यंत्राचा पायाभूत प्रोग्रॅम ज्याला लिहायचा होता तो तरुण, एड्सगर डाइक्स्ट्रा, धास्तावला. प्रोग्रॅम कुठल्याही सूचनेपाशी थांबवला जाऊ शकतो, म्हणजे एकदा झालेली चूक पुन्हा करून दाखवता येईलच असं नाही. मग ती शोधायची कशी? ही धास्ती त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. पण तो त्या प्रश्नाशी झटला आणि १९५९ मधला त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावरचा आहे. थांबवलेला प्रोग्रॅम नंतर असा पुढे चालू व्हावा की आपण थांबलो होतो हे त्याला कळूच नये, ही अट तिथपासून आजपर्यंत टिकून आहे. व्हर्च्युअल मशीन हीच अट एका प्रोग्रॅमऐवजी आख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला लावतं.

आजच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये नोंद कुठे होते ते पाहू. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा इंटरप्ट नियंत्रक असतो, त्याला लोकल एपिक म्हणतात. कार्ड आता वेगळी तार हलवत नाही. ते एका ठरलेल्या पत्त्यावर मेमरीत लिहिल्यासारखं लिहितं. कुठल्या प्रोसेसरला कळवायचं ते त्या पत्त्यातच असतं आणि लिहिलेल्या मजकुरात ० ते २५५ मधला एक क्रमांक असतो. या पद्धतीला एमएसआय म्हणतात. पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरने स्वतःच्या अडचणींसाठी, म्हणजे शून्याने भागाकार, चुकीचा पत्ता अशांसाठी राखून ठेवले आहेत. क्रमांक एपिककडे पोचला की एपिक आपल्या २५६ बिटांच्या एका रजिस्टरात तेवढ्या क्रमांकाचा बिट लावतो. हे रजिस्टर म्हणजे आयआरआर. इथे नोंद झाली. प्रोसेसरने इंटरप्ट घेण्याचं दार उघडं ठेवलेलं असेल आणि याहून महत्त्वाचं काही चालू नसेल, तर तोच बिट आयआरआरमधून आयएसआर नावाच्या दुसऱ्या रजिस्टरात जातो आणि २५६ ओळींच्या तक्त्यातून त्या क्रमांकाचं फंक्शन काढून चालवलं जातं. ही हाक लागली. काम संपलं की कर्नल एपिकला ‘झालं’ असं कळवतो, म्हणजे ईओआय पाठवतो, आणि आयएसआरमधला बिट उतरतो.

दार बंद असेल तर? कर्नल स्वतःच्या नाजूक कामांच्या वेळी सीएलआय ही सूचना देऊन दार लावून घेतो. तेव्हा आयआरआरमधला बिट तसाच राहतो आणि दार उघडल्यावर हाक लागते. म्हणजे साध्या, खऱ्या यंत्रातही नोंद आणि हाक वेगळ्याच होत्या. फक्त मधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजण्याइतका होता.

नोंदीबद्दल एक बारीक पण फार परिणामकारक गोष्ट अशी की ती एकाच बिटाची असते. दार बंद असताना एकाच क्रमांकाचे पाच इंटरप्ट आले तरी बिट एकदाच लागतो. इंटरप्ट ‘काहीतरी झालं’ एवढंच सांगतो. किती वेळा झालं ते सांगत नाही. म्हणून चांगला ड्रायव्हर एका इंटरप्टला एक पॅकेट असं कधीच धरत नाही. मेमरीतली पॅकेटांची रांग तो संपेपर्यंत वाचतो. लिनक्समधली नापी ही पद्धत याच्याही पुढे जाते: गर्दी असली की ती कार्डाच्या हाका बंद करते आणि रांगेकडे स्वतःच पुन्हा पुन्हा पाहत राहते. नोंदीवर नजर असताना हाकेची गरज नसते, आणि ही गोष्ट व्हर्च्युअल मशीन लोकप्रिय होण्याच्या आधीच नेटवर्कवाल्यांना उमगलेली होती.

घड्याळाच्या बाबतीत मात्र हे उमगायला वेळ लागला आणि तिथे व्हर्च्युअल मशीनने चांगलाच दणका दिला. जुने कर्नल वेळ मोजायला टायमरच्या इंटरप्टवर अवलंबून असत. लिनक्स २.४ मध्ये एक्स८६ वर सेकंदाला १००, तर २.६ च्या सुरुवातीला १०००. प्रत्येक इंटरप्टला कर्नल आपलं घड्याळ एका टिचकीने पुढे ढकलायचा. खऱ्या यंत्रात हे चालून गेलं. पण गेस्टचा प्रोसेसर ५० मिलिसेकंद बाजूला राहिला, तर त्या वेळातल्या ५० टिचक्या एका बिटात विरघळतात. तो परत येतो तेव्हा त्याच्या घड्याळात एकच टिचकी पडते आणि घड्याळ मागे पडत जातं. हायपरवायझर लिहिणाऱ्यांनी राहिलेल्या टिचक्या मोजून एकामागोमाग परत घुसवायची युक्ती केली. ती अजूनही काही गेस्टसाठी वापरावी लागते. पण खरा उपाय वेगळाच होता: वेळ हाकांनी मोजूच नये. किती वेळ गेला हे होस्टने मेमरीच्या एका सामायिक पानावर लिहून ठेवावं आणि गेस्टने लागेल तेव्हा वाचावं. केव्हीएमचं घड्याळ हेच करतं. आपला प्रोसेसर किती वेळ दुसऱ्यांसाठी बाजूला ठेवला गेला, हेसुद्धा गेस्टला अशाच एका पानावर वाचायला मिळतं.

आता केव्हीएममध्ये शिरू. इंटेलने व्हर्च्युअल मशीनसाठीचा हार्डवेअर आधार, व्हीटी-एक्स, २००५ मध्ये आणला. अवी किव्हिटी यांनी त्यावर उभं केलेलं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर मुख्य कर्नलमध्ये आलं. या हार्डवेअरमुळे प्रोसेसर गेस्टचा कोड थेट चालवतो आणि काही ठरावीक घटना घडल्या की गेस्टमधून बाहेर पडून होस्टच्या हाती येतो. या बाहेर पडण्याला एक्झिट म्हणतात. बाहेरून आलेला कुठलाही इंटरप्ट ही अशीच एक घटना, कारण तो गेस्टसाठी आहे की होस्टच्या डिस्कसाठी, हे ठरवणं होस्टचं काम.

मग गेस्टचा एपिक कुठे आहे? सुरुवातीच्या रचनेत तो सगळा सॉफ्टवेअरमध्ये होता: मेमरीचं एक पान, त्यात गेस्टचा आयआरआर आणि आयएसआर. गेस्टसाठी काही आलं की केव्हीएम त्या पानावर बिट लावायचं. नोंद झाली. गेस्टला पुन्हा चालवायच्या वेळी प्रोसेसरच्या एका खास रकान्यात ‘आत शिरताच अमुक क्रमांकाचा इंटरप्ट दे’ असं लिहायचं, की आत पाऊल पडताच गेस्टचं फंक्शन चालू. गेस्टने त्या वेळी दार लावून घेतलेलं असेल तर केव्हीएम प्रोसेसरला आणखी एक सांगणं करतं: गेस्टने दार उघडलं की लगेच मला बाहेर बोलाव. काम संपल्यावर गेस्ट ईओआय पाठवतो, तोही या खोट्या एपिकला, म्हणून त्यालाही एक्झिट. एका इंटरप्टमागे असे दोन-तीन हेलपाटे. प्रत्येक हेलपाट्याला प्रोसेसरच्या हजारभर चक्रांची किंमत, शिवाय कॅशमधला गेस्टचा माल विस्कटतो तो वेगळाच. सेकंदाला लाखभर इंटरप्ट घेणाऱ्या नेटवर्क कार्डासाठी हा बोजा साधा नव्हे.

पण वेगाच्या आधी बरोबर असण्याचा प्रश्न येतो. इंटरप्ट पाठवणारा थ्रेड एका खऱ्या प्रोसेसरवर आहे. गेस्टचा प्रोसेसर दुसऱ्यावर, अजून होस्टमध्येच, पण आत शिरण्याच्या बेतात. त्याने नोंदींचं पान पाहिलं, रिकामं होतं. तेवढ्यात पाठवणाऱ्याने बिट लावला. गेस्ट आत गेला. आता नोंद आहे, पण हाक मारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि गेस्ट कदाचित त्याच पॅकेटची वाट पाहत निवांत बसेल. असली चूक महिन्यातून एकदा होते आणि शोधायला घेतली की लपते. डाइक्स्ट्राला नेमकी हीच भीती वाटली होती.

केव्हीएमने यावर केलेली मांडणी मला या सगळ्या कोडमधला सर्वांत देखणा भाग वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. आत शिरणारा आधी खऱ्या प्रोसेसरवरचं इंटरप्टचं दार लावतो. मग ‘मी आता गेस्टमध्ये आहे’ असं एका सामायिक जागी लिहितो, आणि हे लिहून झाल्यावरच नोंदी तपासतो. पाठवणारा उलट क्रमाने चालतो: आधी नोंद करतो, मग समोरचा कुठे आहे ते पाहतो, तो गेस्टमध्ये असेल तर त्याच्या खऱ्या प्रोसेसरला एक इंटरप्ट पाठवून हाक मारतो. आता कुठलीही वेळ घ्या. नोंद तपासणीच्या आधी झाली असेल तर आत शिरणाऱ्याला ती दिसेल. तपासणीनंतर झाली असेल तर पाठवणाऱ्याला ‘गेस्टमध्ये आहे’ ही पाटी दिसेल आणि तो हाक मारेल. गेस्ट प्रत्यक्षात अजून आत पोचलेला नसेल तरी बिघडत नाही, कारण दार बंद असल्याने ती हाक एपिकमध्ये थांबून राहते आणि गेस्टमध्ये पाऊल पडताक्षणी त्याला बाहेर खेचते. हाक हवेत विरत नाही. तिचीही नोंद झालेली असते.

यात एक अट आहे. दोघांनीही आपलं लिहिणं इतरांना दिसेल असं पुरं करूनच दुसऱ्याचं वाचायला हवं. आजचे प्रोसेसर लिहिलेलं थोडा वेळ स्वतःजवळ राखून पुढचं वाचन आधी उरकतात. तसं झालं तर दोघांनाही दुसऱ्याचं जुनंच चित्र दिसेल आणि दोघेही निर्धास्त राहतील. म्हणून मध्ये मेमरी बॅरिअर नावाची सूचना घालावी लागते. ‘आधी स्वतःचं मांडा, मग दुसऱ्याचं पाहा’ हा आकृतिबंध ज्याच्या नावाने ओळखला जातो तो डेकर हासुद्धा ॲमस्टरडॅमच्याच त्या गणित केंद्रातला, आणि त्याचं श्रेय लिखाणातून जगापुढे मांडलं ते डाइक्स्ट्रानेच.

बरोबर असणं साधल्यावर लोक वेगाकडे वळले. २०१२ मध्ये केव्हीएमला ईओआयसाठी एक सामायिक बिट मिळाला: गेस्टने ‘झालं’ हे बाहेर येऊन न सांगता मेमरीत लिहावं, होस्ट पुढच्या खेपेला वाचेल. हाकेविना नुसती नोंद. त्याच वर्षी आयबीएमच्या हैफा इथल्या संशोधन केंद्रातल्या आणि टेक्निऑन विद्यापीठातल्या मंडळींनी ‘ईएलआय’ नावाचं काम प्रसिद्ध केलं. गेस्टला एखादं नेटवर्क कार्ड पूर्णपणे वाहून दिलं तरी त्याचे इंटरप्ट होस्टच का घेतो, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी प्रोसेसरला सांगितलं, सगळे इंटरप्ट गेस्टलाच जाऊ देत. मात्र गेस्टच्या तक्त्याऐवजी त्यांनी आपला एक तक्ता लावला, ज्यात गेस्टच्या कार्डाची ओळ तेवढी शाबूत आणि बाकीच्या ओळी ‘हजर नाही’ अशा खुणेच्या. होस्टसाठीचा इंटरप्ट आला की ती ओळ सापडत नाही, चूक उद्भवते आणि त्या चुकीमुळे एक्झिट होऊन तो होस्टकडे पोचतो. नुसत्या सॉफ्टवेअरच्या जोरावर त्यांनी गेस्टचा वेग १.३ ते १.६ पट वाढवला आणि खऱ्या यंत्राच्या ९७ ते १०० टक्क्यांपर्यंत नेला. हे यश मोठं आहे. पण ही सरळ वाट गेस्ट जागेवर असेपर्यंतच सरळ. तो बाजूला झाला की पुन्हा होस्टने इंटरप्ट घेऊन सांभाळून ठेवणं आलंच.

गेस्ट जागेवर नसण्याचा प्रश्न हार्डवेअरने हाती घेतला तो पोस्टेड इंटरप्टमध्ये. इंटेलच्या २०१३ मधल्या झिऑन प्रोसेसरांत तो आला. गेस्टच्या प्रत्येक प्रोसेसरसाठी मेमरीत ६४ बाइटांचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे बरोबर एक कॅश लाइन. त्यातले अर्धे, २५६ बिट, फक्त नोंदीसाठी: कुठल्या क्रमांकाचा इंटरप्ट बाकी आहे. उरलेल्या भागात हाकेसंबंधीचे चार रकाने. हाक मारून झाली आहे का. हाक मारूच नये अशी सूचना आहे का. हाक मारताना कुठला क्रमांक वापरायचा. आणि सध्या कुठल्या खऱ्या प्रोसेसरला मारायची. नोंद आणि हाक एकाच तुकड्यात शेजारी, पण वेगवेगळ्या रकान्यांत. हा तुकडा पाहिला की वाटतं, इतकी वर्षं एपिकच्या पोटात गुंतलेली गाठ इथे कुणीतरी सोडवून कागदावर मांडली.

पाठवणारा आता एवढंच करतो: नोंदीचा बिट लावतो, आणि ‘हाक मारून झाली’ हा बिट आधी लागलेला नसेल तरच तो लावून हाक मारतो. लागोपाठ दहा इंटरप्ट आले तरी हाक एकच. हाक लागली तेव्हा प्रोसेसर गेस्टमध्येच असेल तर एक्झिट होत नाही. प्रोसेसर स्वतः तो तुकडा उघडतो, सगळ्या नोंदी गेस्टच्या आयआरआरमध्ये ओततो आणि गेस्टचं फंक्शन चालवतो. ईओआयसुद्धा बहुतेक वेळा आतल्या आत निस्तरतो. होस्टला या सगळ्याचा पत्ताही लागत नाही.

आणि हाक पोचली तेव्हा गेस्ट नुकताच बाहेर पडून प्रोसेसर होस्टच्या हाती आलेला असेल तर? मग या हाकेसाठी लिनक्स कर्नलमध्ये ठेवलेलं फंक्शन चालतं, आणि ते जवळजवळ रिकामं आहे. एपिकला पोच देतं, एक आकडा वाढवतं, संपतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटावं की यात काहीतरी लिहायचं राहून गेलं. राहिलेलं काही नाही. जे जपायचं ते त्या ६४ बाइटांत जपलेलं आहे. पुढच्या वेळी गेस्ट आत जाण्याआधी केव्हीएम ते वाचणारच आहे. हाकेचं काम फक्त लक्ष वेधण्याचं, आणि लक्ष तर आधीच होस्टकडे आलेलं आहे.

गेस्ट जागेवर नसण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक मिळते. एक म्हणजे त्याला काम आहे, पण पाळी दुसऱ्याची लागली. तो पुन्हा येणारच आहे, म्हणून केव्हीएम ‘हाक मारू नका’ हा बिट लावून ठेवतं. नोंदी गुपचूप साठत राहतात. तो परत एखाद्या प्रोसेसरवर चढला की कुठे आहे तो रकाना बदलायचा, तो बिट काढायचा, आणि मधल्या काळात काही साठलं आहे का ते पाहून ‘हाक झाली’ हा बिट आपणच लावायचा, कारण मनाई असताना तो लागलेला असेलच असं नाही. ही शेवटची पायरी विसरली तर तीच जुनी, हरवलेल्या हाकेची चूक परत येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे गेस्टला कामच नाही. त्याने एचएलटी सूचना देऊन ‘काही आलं की उठवा’ म्हटलं आणि त्याचा थ्रेड झोपला. इथे नुसत्या नोंदी साठवून भागत नाही, कारण त्याला उठवल्याशिवाय तो येणारच नाही. म्हणून झोपण्यापूर्वी हाकेचा क्रमांकच बदलला जातो. हा दुसरा क्रमांक होस्टला उद्देशून असतो. त्या खऱ्या प्रोसेसरवर कोण कोण झोपलं आहे याची यादी होस्टकडे असते. हाक आली की होस्ट यादी चाळतो, ज्याच्या तुकड्यात ‘हाक झाली’ दिसेल त्याला उठवतो. झोपण्या-उठण्याचा खर्च एवढा आहे की केव्हीएम लगेच झोपू देतही नाही. एक्स८६ वर मूळ मांडणीत २०० मायक्रोसेकंदांपर्यंत ते जागं राहून नोंद येते का पाहत राहतं.

इतर प्रोसेसरांनीही हाच रस्ता धरला. एएमडीची तऱ्हा एव्हिक नावाची. आर्मच्या चौथ्या पिढीच्या इंटरप्ट नियंत्रकात तर गेस्टचा प्रोसेसर ‘निवासी’ आहे का हे हार्डवेअरलाच सांगतात. निवासी नसेल तर नोंद मेमरीतल्या तक्त्यात होते आणि होस्टसाठी वेगळी घंटा वाजते.

एवढं झालं तरी गेस्टला वाहिलेल्या खऱ्या कार्डाचा इंटरप्ट सुरुवातीला होस्टकडेच यायचा आणि तिथून या तुकड्यात जायचा. पुढच्या टप्प्यात ती मधली पायरीही गेली. कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये आयओएमएमयू नावाचा घटक बसलेला असतो. कार्डाने एमएसआय लिहिलं की तो आपल्या तक्त्यात त्या इंटरप्टची ओळ पाहतो, ओळीत गेस्टच्या तुकड्याचा पत्ता असतो, आणि तो स्वतःच नोंद करून हाक मारतो. गेस्ट जागेवर असेल तर कार्डापासून त्याच्या फंक्शनपर्यंत होस्टची एकही सूचना चालत नाही.

या तक्त्याचं दुसरं काम सुरक्षेचं आहे, आणि तिथे नोंद करण्याचा अधिकार कुणाचा हा प्रश्न उभा राहतो. एमएसआय म्हणजे मेमरीत लिहिणं. मग गेस्टच्या ताब्यातलं कार्ड वाटेल तो क्रमांक वाटेल त्या प्रोसेसरला लिहू शकतं. राफाल वोइटचुक आणि योआना रुटकोव्स्का यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की आयओएमएमयूमध्ये असा तक्ता नसलेल्या यंत्रात गेस्ट अशा रीतीने होस्टला खोटे इंटरप्ट देऊन फसवू शकतो. तक्ता असला की प्रत्येक ओळ कुठल्या उपकरणाची आहे ते तपासलं जातं आणि परक्याने केलेली नोंद होतच नाही.

तिथे संशय गेस्टवर होता. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलच्या टीडीएक्स या रचनांत संशय उलट्या बाजूला आहे. तिथे गेस्टची मेमरी कूटबद्ध असते आणि हायपरवायझरवर विश्वास नसतो. तरीही पाळ्या लावणं त्याच्याच हाती, त्यामुळे इंटरप्ट पोचवणंही त्याच्याकडेच. २०२४ मध्ये ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी ‘हेकलर’ या नावाने या फटीतला हल्ला मांडला. लिनक्समध्ये क्रमांक १२८ हा जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमांच्या सिस्टिम कॉलचा. कर्नल त्या वेळी एका रजिस्टरातला आकडा विनंती म्हणून वाचतो आणि उत्तर त्याच रजिस्टरात ठेवतो. हायपरवायझरने पासवर्ड तपासून झाल्याच्या नेमक्या क्षणी १२८ ची हाक घुसवली, तर तपासणीचा निकाल ज्या रजिस्टरात आहे त्यातच नवा आकडा पडतो. एवढ्यावर त्यांनी ओपनएसएसएच आणि सुडो यांची राखण मोडून दाखवली.

लिनक्सने अशा गेस्टमध्ये ही ३२ बिटी वाट आधी बंदच केली. टीडीएक्ससाठी ती नंतर उघडली, पण एका तपासणीसह. १२८ क्रमांकाचं फंक्शन सुरू होताच कर्नल आपल्या एपिकच्या आयएसआरमध्ये त्या क्रमांकाचा बिट आहे का ते पाहतो. प्रोग्रॅमने स्वतः केलेल्या विनंतीत तो बिट कधी लागत नाही. बाहेरून घुसवलेल्या इंटरप्टमध्ये लागतो. बिट लागलेला दिसला तर कर्नल त्याला सिस्टिम कॉल मानत नाही. आणि टीडीएक्समध्ये एपिकचं ते पान हायपरवायझरच्या हाताबाहेर, इंटेलच्या संरक्षित मॉड्यूलच्या ताब्यात असल्यामुळे त्या एका बिटावर गेस्टला विसंबता येतं.